पाळीवर चालणारी बॅटरी

मिल बंद पडल्यावर बाबांनी घरातल्या कशातच लक्ष घालायचं सोडलं होतं. काहीही विचारलं की एकच उत्तर, "तुम्हीच बघा." मला त्याचा भयंकर राग यायचा, आणि राग आला म्हणून मागाहून वाईटही वाटायचं.

तेव्हा इंदुरात वीज जायची ती तासन्‌तास. सगळे त्याला कटौती म्हणत. आईला दमा होता आणि औषधाची वाफ देणारं तिचं मशीन विजेवर चालायचं. एका दुपारी वाफ घेता घेताच वीज गेली. आई खिडकीचे गज धरून श्वास ओढत राहिली, आणि बाबा नि मी नुसते वारा घालत बसलो. दुसऱ्या दिवशी बाबा कुणाला न सांगता बाजारात चौकशी करून आले.

त्यांचा बेत असा: इन्व्हर्टर आणि बॅटरी चाकांच्या फळीवर बसवायची, म्हणजे आई असेल त्या खोलीत ओढून नेता येईल. कटौतीतही बॅटरी भरावी म्हणून गच्चीवर एक सोलर प्लेट. बॅटरी केवढी घ्यायची, हा हिशेब माझ्याकडे आला, कारण मी कॉलेजात फिजिक्स शिकत होते. मशीन, दोन पंखे, ट्यूबलाइट, टीव्ही, प्रत्येकाचे वॅट गुणिले तास. बेरीज पाहून मी कपाळाला हात लावला. एवढी मोठी बॅटरी आम्हाला झेपणारी नव्हती.

"अगं बेटा, सगळं एकसाथ कशाला चालवते? पाळी लाव ना!" बाबा म्हणाले.

त्यांचं उभं आयुष्य मिलच्या साचे खात्यात, मागांवर पाळ्या करण्यात गेलेलं. पहिल्या पाळीत मशीन, दुसरीत दोन्ही पंखे, तिसरीत ट्यूबलाइट, टीव्हीला कायमची छुट्टी. किती दिवसांनी त्यांचा आवाज असा खणखणीत लागला होता! मला फार बरं वाटलं.

"अहो, दमा काय भोंगा ऐकून येतो?" आई म्हणाली.

आम्ही पोट धरून हसलो. बाबाही हसले, पण तिचं म्हणणं खरं होतं. मशीन कधीही लागू शकतं, म्हणजे त्याच्यापुरती वीज बॅटरीत सतत राखून ठेवायला हवी. बाबांनी पुन्हा मांडणी केली आणि या वेळी सगळं छोट्या बॅटरीत बसलं. मी तपासलं तर पंखा एकच धरलेला.

"बाबा, तुमचा पंखा?"

"मी बदलीवर," ते सहज म्हणाले. "तुझ्या आईला मशीन लागलं नाही, तर मला मिळेल."

बदलीवाला म्हणजे रोज मिलच्या फाटकाशी उभा राहणारा, कुणी गैरहजर असेल तरच आत घेतला जाणारा कामगार. तरुणपणी बाबा कितीतरी वर्षं तसे उभे राहिले होते. आता स्वतःच्या घरातही ते फाटकाबाहेरच उभे होते की काय?

आई उठली आणि बाबांची खाट आपल्या पंख्याखाली ओढू लागली.

"अगं सोड, दम लागेल तुला!" बाबा धावले.

"मग धरा ते टोक," आई म्हणाली. "आणि बदली-फदली काही नाही हं. लग्नातच परमनंट केलंय तुम्हाला."