पॅनेलमधली पणती

जयमालाची ओळख करून द्यायची तर तिच्या हातापासून सुरुवात करावी, असं आमच्या महेंद्रसरांचं म्हणणं. मला विचाराल तर तिच्या हट्टापासून करावी. हात काय, सरावाने कुणाचेही बसतात.

मी बिभीषण. नगरच्या एमआयडीसीत महेंद्रसरांचं लहानसं वर्कशॉप होतं. तिथे मी पॅनेलचं वायरिंग करायचो आणि कारखान्यांत जाऊन ती बसवायचो. साहजिकच, पॅनेल बिघडलं की शिव्या खायचं कामही माझंच. जयमाला श्रीरामपूरजवळच्या बेलापूरची. आयटीआयच्या रेडिओ-टीव्हीच्या वर्गात ती एकटी मुलगी. लग्न होऊन नगरला आली, नवरा सिटी बसवर ड्रायव्हर. आमच्याकडे सोल्डरिंगला म्हणून लागली आणि वर्षभरात खिडकीजवळचं टेबल तिचं झालं. त्या टेबलावर दुसऱ्या कुणी चहाचा कप ठेवला तरी बाई डोळे वटारायच्या.

चौऱ्याण्णव साली सरांच्या मनात आलं की तापमान मोजायची इलेक्ट्रॉनिक कार्डं मुंबईहून आणण्यापेक्षा आपणच का करू नयेत? सर्किटचा नकाशा सरांनी काढला. तो कार्डावर मांडला आणि उभा केला जयमालाने. श्रीरामपूरकडच्या एका साखर कारखान्याने बॉयलरसाठी पहिलं कार्ड बसवून बघायला होकार दिला. सरांनी तेव्हाच स्पष्ट सांगितलं, "हे चाललं तर पुढची सगळी कार्डं तुझ्या टेबलावर. त्यांनी काढून फेकलं तर पुन्हा मुंबईचा माल. मग टेबल ठेवून काय करू? तुला पॅकिंगला घ्यावं लागेल."

 त्या दिवशी जयमाला डबा न उघडताच घरी गेली.

कार्ड कसं चालतं ते थोडक्यात सांगतो, कारण पुढचा सगळा घोळ त्यातच आहे. दोन वेगळ्या धातूंच्या तारा एका टोकाला जोडायच्या. ते टोक बॉयलरच्या वाफेत, उरलेली टोकं पॅनेलमधल्या कार्डाच्या स्क्रूंखाली. पण या तारा वाफ किती तापली ते सांगतच नाहीत. वाफ आणि स्क्रू यांच्यात फरक किती, एवढंच सांगतात. म्हणून कार्डाने आपले स्क्रू किती गरम आहेत ते आधी ओळखायचं आणि त्या फरकात मिळवायचं. त्यासाठी कार्डावर हरभऱ्याएवढा एक सेन्सर असतो. आमच्या कार्डावर तो खालच्या कडेला होता, कारण तिथे जागा मोकळी होती. सरांना ते पटलं होतं, जयमालालाही. मला कुणी विचारलं नव्हतं.

गाळप सुरू झालं आणि तक्रार आली. दिवसभर कार्ड बरोबर चालतं, पण सकाळची पाळी सुरू झाली की वाफेचा आकडा एकदम चढतो आणि भोंगा बोंबलतो. मग भट्टीत जळणारा उसाचा भुसा कमी करायचा, वाफ पडते, गाळप मंदावतं आणि बाहेर उसाच्या गाड्यांची रांग. थोड्या वेळाने आकडा आपोआप जागेवर. कारखान्याचे चीफ इंजिनिअर फोनवर म्हणाले, "सोल्डरिंग कच्चं आहे. पहाटेच्या गारठ्याने सांधा सैल होतो. तुमचं कार्ड घेऊन जा."

सर माझ्याकडे बघू लागले, मी जयमालाकडे. तिचा चेहरा उतरला होता. ती म्हणाली, "सांधा कच्चा असंल तर कार्ड माझ्या हातानं काढीन. पण आधी डोळ्यानं बघू द्या."

जयमाला आणि मी मुक्कामाला बेलापूरला तिच्या माहेरी गेलो आणि सकाळच्या पाळीला कारखान्यात पोहोचलो. बॉयलरच्या केबिनमध्ये कानिफनाथ नावाचा ऑपरेटर होता, पन्नाशीचा, कपाळाला भस्म. आम्हाला बघून त्याने चहा मागवला, खुर्च्या पुसल्या, गावची चौकशी केली. इतकी सरबराई मला कुठल्याच कारखान्यात मिळालेली नाही. मी तर खूश झालो. जयमाला मात्र आकड्याकडे टक लावून उभी. तीनशे पंच्याऐंशी होता, तो चढायला लागला.

"भाऊ, पॅनेल उघडा," ती मला म्हणाली.

कानिफनाथ आडवा आला. "आत्ता नगं ताई. जरा दम खा, चहा येतूय."

"चहा नंतर घेऊ दादा." तिने स्वतःच दार उघडलं.

आत, बरोब्बर कार्डाच्या खाली, एक पणती शांत तेवत होती. शेजारी झेंडूचं फूल. भोंगा बोंबलायला लागला तो तेवढ्यात.

मी कपाळावर हात मारला. विजेच्या पॅनेलमध्ये दिवा! पणतीची ऊब त्या हरभऱ्याला लागत होती, स्क्रू मात्र गारच. कार्डाला वाटायचं स्क्रूच तापलेत, आणि ते तेवढं वाढवून सांगायचं. तेल संपलं की सगळं ठीक. मी मनातून उड्याच मारत होतो. आता चीफसाहेबांना हाताला धरून आणतो आणि म्हणतो, बघा, सांधा कुणाचा कच्चा आहे!

कानिफनाथाने हात जोडले. "ताई, सायबाला सांगू नका. वाफंचं जुनं घड्याळ हुतं तवा काटा अडाकला आन् माझा जोडीदार वाफंनं भाजला. तवापासनं पाळीवर आलो की काट्याम्होरं दिवा लावतो. ह्ये नवं आलं. भायेर पंख्यानं इझतो, म्हून आत ठिवला. ह्या आकड्यावर माझा जीव हाय, ताई."

जयमालाच्या घरी देवाला दिवा लावत नाहीत, पण ती त्याला हसली नाही. पणती तिने उचलून बाहेर पॅनेलच्या आडोशाला ठेवली, विझवली नाही. भोंगा थांबला तोवर चीफसाहेब आलेच. "सापडला का तुमचा कच्चा सांधा?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात ही बाई म्हणाली, "सांधे पक्के हायेत साहेब. पण चूक कार्डातच हाय. शेजारी काय तापलं की ते खोटा आकडा दाखवतंय. सेन्सरची जागा चुकली आमची."

 स्वतःच्या हाताने स्वतःचं टेबल मोडत होती! राग आला, खरंच आला.

"शेजारी तापायला आहे काय इथे?" साहेबांनी विचारलं.

जयमाला गप्प. मीही गप्प, पण माझ्या गप्प राहण्यात काही मोठेपणा नव्हता. तिने माझ्याकडे बघितलंच तसं होतं.

शेवटी कानिफनाथच पुढे झाला. "माझा दिवा तापला, सायेब. ताईचं कार्ड चोख हाय."

साहेबांचा पारा चढला. तेलाचा दिवा पॅनेलमध्ये ठेवतो म्हणजे काय, उद्यापासून भुशाच्या पट्ट्यावर जा, असं बरंच काही झालं. जयमालाने त्यांना बोलून घेऊ दिलं. मग म्हणाली, "साहेब, दिवा आत नकोच, ते बरोबर हाय. पण उद्या एखादी वायर तापली, तरी कार्ड असंच फसणार. मला ते नीट करून आणू द्या. आणल्यावर दिवा ह्यांनीच लावायचा, तुमच्यासमोर. आकडा हलला तर मीच कार्ड काढून नेते, ह्यांना काय बोलू नका."

साहेब आकड्याकडे बघत "आणा," म्हणाले.

नगरला आल्यावर सर आणि जयमाला एकाच कार्डावर डोकं खुपसून बसले. सेन्सर स्क्रूंच्या मधोमध घेतला आणि दोन्हींवर मिळून ॲल्युमिनियमची एक पट्टी बसवली. तापले तर दोघं मिळून तापतील, गारठले तर दोघं मिळून. मी पत्र्याचा एक कोनाडा केला, तीन बाजूंनी बंद, पॅनेलच्या बाहेर अडकवायला. तो करायला मला कुणी सांगितलं नव्हतं.

पुन्हा तीच सकाळची पाळी. कार्ड बसलं. साहेब, केबिनमधली माणसं, सगळे आकड्याकडे बघत. पंख्याच्या वाऱ्यात कानिफनाथाची काडी टिकेना. जयमालाने सोल्डरिंगने पोळलेल्या दोन्ही तळव्यांचा आडोसा धरला, तेव्हा कुठे पणती पेटली. त्याने ती कार्डाखाली ठेवली.

तीनशे शहाऐंशी. आम्ही बघतोय. तीनशे शहाऐंशी. पट्टीला हात लावला तर कोमट लागत होती, तरी तीनशे शहाऐंशीच.  साहेबांनी वाकून पणती बघितली, आकडा बघितला आणि म्हणाले, "बाकीच्या बॉयलरांनाही हीच बसवा. आणि कानिफनाथ, तू इथंच राहा, पण तो दिवा आधी बाहेर काढ."

"कुठं ठिवू, सायेब? पंखा हाय की."

मी पिशवीतून कोनाडा काढला. जयमालाने माझ्याकडे बघितलं, आणि इतके दिवस धरून ठेवलेलं तिचं रडू तिथे, बॉयलरच्या केबिनमध्ये, चारचौघांत फुटलं. मी दुसरीकडे बघत स्क्रू पिळत राहिलो.

खिडकीजवळचं ते टेबल अजून तिचंच आहे. शेजारी आणखी एक मांडलंय, त्यावर बेलापूरच्या दोन मुली बसतात. त्यांच्या टेबलावर चहाचा कप ठेवला तर आता त्याही डोळे वटारतात.