लिलीसाठी जांबाची बिस्किटं

पोळ्यानंतरच्या तिसऱ्या दिवशी आम्ही गाव सोडलं. गाडीत दोन गोधड्या, पाटा-वरवंटा, जोंधळ्याचं अर्धं पोतं आणि माझी लोखंडी पेटी एवढंच सामान होतं. सखू, तू तेव्हा आठ वर्षांची असशील. चाकाला धरून मुसमुसत उभी होतीस. तुला बघून माझंही तोंड वाकडं व्हायला लागलं, तशी माय पुढं आली. म्हणाली, "रडत गेलीस तर तिथंबी रडतच ऱ्हाशील. आधी तोंड धू, मग गाडीत बस." मी पाटाच्या पाण्यानं तोंड धुतलं आणि बसले. अण्णा काही गाडीजवळ आले नाहीत. जांबाच्या बागेत आमच्याकडं पाठ करून एका झाडाची फांदी न्याहाळत उभे होते. गाडी वेरूळच्या रस्त्याला लागेपर्यंत ते तसेच उभे दिसत होते.

जाण्याचं कारण साधं होतं. तुझ्या दाजींना तीन भाऊ, आणि जमीन एकालाही धड पुरेल अशी नव्हती. औरंगाबादच्या छावणीत एका बंगल्याला माळी हवा आहे असं कळलं आणि त्यांनी होकार कळवला. माझं माहेर आणि सासर एकाच शिवारात. चुलीवरचं दूध उतू गेलं तरी दोन्हीकडं कळायचं. अशा मुलखातून मी दहा कोसांवर आले, पण मला वाटलं समुद्र ओलांडला. निजामाचा अंमल, दुकानांवरच्या पाट्या उर्दूत. टांगेवाला काय विचारतो ते कळेना. मी काही बोलले की छावणीतल्या बाया हसायच्या. "लई" म्हणायलाही मला भीती वाटायला लागली.

बंगला एका म्हाताऱ्या डॉक्टरीणबाईंचा होता. बायकांच्या दवाखान्यात जन्मभर काम करून त्या आता घरीच असत. मूळच्या नगरकडच्या, म्हणजे इंग्रजी मुलखातल्या, ख्रिस्ती. मराठी बोलायच्या, पण पुस्तकासारखं. आम्हाला बंगल्यामागं एक खोली मिळाली होती. बाईंना मूलबाळ नव्हतं. एक कुत्री होती, लिली. बुटकी, लांब कानांची, अंगावर तपकिरी ठिपके. ती घरात फिरायची, गादीवर झोपायची. आपल्याकडं कुत्रं म्हणजे बागेची राखण. त्याला उरलेली भाकरी, तीही उंबऱ्याबाहेर. त्यामुळं पहिले दोन महिने मी लिलीला बघितलं की पदर सावरून दुसऱ्या बाजूनं जायची.

दिवाळीपर्यंत राहायचं आणि भाऊबीजेला जे जायचं ते परत यायचं नाही, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं. ह्यांना सांगितलंही होतं. ते खुरपं घेऊन बाहेर गेले.

त्याच सुमाराला लिलीनं खाणं सोडलं. तिची बिस्किटं मुंबईहून पत्र्याच्या डब्यांत मनमाडमार्गे रेल्वेनं यायची. लढाई सुरू झाली आणि डबे येईनात. बाईंनी भात घातला, भाकरी दुधात कुस्करून दिली, पण ती हुंगून मागं सरायची. म्हातारी झाली होती, डब्यातल्या चवीचीच सवय होती. आठ-दहा दिवसांत तिच्या बरगड्या मोजता येतील अशा झाल्या. ज्या बाईंनी शेकडो बायकांची बाळंतपणं केली, त्या व्हरांड्यात तिच्या शेजारी फरशीवर बसून राहायच्या. एकदा मी झाडत होते, तर माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "यमुना, मी इथं आले तेव्हा माझं कुणीच नव्हतं. हिच्या आजीला मी रस्त्यावरून उचलून आणलं होतं. तेव्हापासून ही तिसरी पिढी."

मला तोवर वाटत होतं की परकी फक्त मीच आहे.

त्या दिवशी ह्यांनी बाजारातून आणलेले जांब मी खोलीत चिरत बसले होते. बाई त्यांना पेरू म्हणायच्या. दाराशी काहीतरी हललं म्हणून पाहिलं, तर लिली. पाय लटपटत होते, पण नाक वर करून वास घेत होती. मी पिकल्या जांबाचा गर बोटावर घेऊन पुढं केला. तिनं चाटला. तिची जीभ माझ्या बोटाला लागली तेव्हा मी हात मागं घेतला नाही, एवढं आठवतं.

नुसत्या गरानं पोट थोडंच भरतं? डब्यातल्या बिस्किटांसारखं काही करता आलं तर, असं मनात आलं. पहिल्या खेपेला बिया तशाच राहिल्या, तिनं सगळं थुंकलं. दुसऱ्या खेपेला जांब शिजवून फडक्यातून गाळले आणि गरात जोंधळ्याचं पीठ मळलं, तर वड्या हातातच फुटल्या. मग भाकरीला घेतो तसं पीठ उकळत्या पाण्यात भिजवलं, त्यात गर आणि एक काळं पडलेलं केळं कुस्करलं. मी गूळ घालणार होते, पण बाईंनी हात धरला. कुत्र्याला गूळ नको आणि मीठही नको, म्हणाल्या. पेढ्याएवढे गोळे करून अंगठ्यानं दाबले. खाली निखारे आणि झाकणावर निखारे ठेवून पातेल्यात भाजले. वरून करपले, आतून कच्चे राहिले.

रस्त्यापलीकडं करीमचाचांची बेकरी होती. मी भीतभीत नव्या कच्च्या गोळ्यांची ताटली घेऊन गेले. काय हवंय ते मला त्यांच्या भाषेत सांगता येईना, म्हणून नुसती ताटली दाखवली आणि बंगल्याकडं बोट केलं. त्यांना अख्ख्या छावणीची खबर असायची. म्हणाले, "पाव निकले बाद भट्टी घंटों गरम रहती, बेटी. रख के जा." संध्याकाळी ताटली परत घेतली तेव्हा वड्या सोनेरी झाल्या होत्या, आतून मऊ, बाहेरून खुसखुशीत. लिलीनं दोन खाल्ल्या आणि तिसरीसाठी माझ्या पदराला नाक लावलं. बाई आत निघून गेल्या. बऱ्याच वेळानं बाहेर आल्या तेव्हा डोळे लाल होते.

भाऊबीजेला मी गावी आले ती दोनच दिवसांसाठी. तुला आठवत असेल, तू रुसली होतीस.

पुढं छावणीत कर्णोपकर्णी झालं. कुणाचं पिल्लू दूध सोडत होतं, कुणाचं कुत्रं आजारातून उठलं होतं. ज्याची त्याची माणसं ताटल्या घेऊन यायला लागली. बाजारातला बागवान पाखरांनी टोचलेले, डागी जांब फेकून द्यायचा, ते मी निवडून आणायची. दुपारी बाई मला अक्षरं शिकवायच्या. आज हे लिहितेय ते त्यांच्याच जिवावर.

आणि मग अण्णा आले. कुणा गाडीवानानं गावात सांगितलं होतं की तुमची लेक छावणीत कुत्र्यांसाठी मिठाई करती. ते खोलीच्या दारातच उभे राहिले. समोर परातीत गर होता. हळू आवाजात म्हणाले, "लढाईनं माणसाच्या तोंडचा घास गेलाय, यमुने. अन् तू जांब कुत्र्याला घालतीस? ह्याच्यासाठी धाडलं व्हय तुला?"

मी सांगितलं की टाकून दिलेलेच जांब घेते, चांगल्यातलं एकही फळ घेत नाही. त्यांनी ऐकून घेतलं, पण पाणी न पिता निघून गेले. मी रस्त्यापर्यंत मागं गेले, तर त्यांनी वळूनही पाहिलं नाही. ते वर्ष मला फार जड गेलं. काम करताना हात चालायचे आणि मनात तेच एक वाक्य फिरायचं. ते चूक बोलले असं मला तेव्हाही वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. पण लिलीची तेव्हाची दशा त्यांनी बघितली नव्हती.

पुढच्या माघात गारपीट झाली. निरोप कळल्यावर मी आले तेव्हा बागेत फळांचा सडा पडला होता. एकेक जांब फुटून काळा पडलेला. अण्णा फावड्यानं ते खड्ड्यात लोटत होते. मी त्यांच्याबरोबर दोन दिवस गोळा करत राहिले. मी निघताना अण्णा एवढंच म्हणाले की ह्याला बाजारात कुणी शिवणार नाही. मी ते जांब मागितले नाहीत. धीरच झाला नाही.

चार दिवसांनी बंगल्याच्या फाटकाशी गाडी उभी राहिली. वर गवतानं झाकलेल्या आठ डाली, बांबूच्या मोठ्या टोपल्या, होत्या आणि शेजारी अण्णा. त्यांनी पटक्यानं तोंड पुसलं आणि विचारलं, "गारानं फुटलेलं चालंल का तुझ्या कुत्र्यांना?"

मी मान हलवली.

ते दोन दिवस राहिले. कोणता जांब आतून चांगला आहे हे त्यांना नुसतं हातात घेऊन कळायचं. चांगल्या फोडी ते वेगळ्या काढायला लागले. त्या आम्ही शिजवून शेजारच्या वस्तीतल्या पोरांना वाटल्या. हा त्यांचा हट्ट होता आणि तो बरोबरच होता. मग उरलेल्याची बिस्किटं झाली, करीमचाचांच्या भट्टीत ताटल्यांवर ताटल्या. अण्णांनी एक मोडून स्वतःच्याच तोंडात टाकलं.

"मीठ नाय ह्याच्यात," म्हणाले.

"कुत्र्याला मीठ सोसत नाही, अण्णा."

"असं व्हय," म्हणाले, आणि उरलेला तुकडा लिलीपुढं धरला. त्यानंतर दर हंगामात डागी फळांची एखादी डाल यायचीच, ते होते तोवर.

लिली आणखी दोन हिवाळे जगली. एका सकाळी व्हरांड्यातल्या उन्हात झोपली ती उठली नाही. बाईही पुढं गेल्या, निजामाचं राज्य गेलं, पाट्या बदलल्या. बंगला कुणीतरी घेतला, आम्ही जवळच दोन खोल्यांत आलो. माझ्या बोलण्यात आता इतकी दखनी उर्दू मिसळलीय की गावात आले की पोरं हसतात. आता छावणीतले साहेबलोक आपल्या कुत्र्यांचे वाढदिवस करतात आणि माझ्याकडं बिस्किटं सांगायला येतात. मी अजून तशीच करते. गूळ नाही, मीठ नाही.

सखू, तू दर पत्रात विचारतेस, घरी कधी येतेस. माझ्यासारख्या ज्या बाहेर पडल्या, त्यांनाही हेच विचारलं जात असेल. मी इतकी वर्षं मायसमोर "घरी जाते" असं कधी म्हटलं नाही. "औरंगाबादला जाते" म्हणायची. तिला लागेल असं वाटायचं. औरंगाबादची खोली ना माझं माहेर ना सासर, तिला घर म्हणायला जीभच वळायची नाही.

गेल्या महिन्यात आले होते तेव्हा तू मळ्यात होतीस. निघायच्या सकाळी मी ओसरीवर मायचे पाय चेपत बसले होते. उन्हं वर आली तरी उठवेना. शेवटी तिनंच पाय आखडून घेतले. डोळ्यांनी तिला आता नीट दिसत नाही, तरी दाराकडं बोट केलं.

"ऊठ, यमुने," म्हणाली. "ऊन व्हायच्या आत घरी पोच."