द्राक्षाचा मांडव आणि माझा विटाळ

सिंदीला माझ्या सासऱ्यांनी परसात द्राक्षाचा मांडव घातला होता. कापसाच्या गावात द्राक्षं! नाशिककडच्या कुणा ओळखीच्याकडून काड्या आणलेल्या. येईल त्याला मांडवाखाली उभं करून घड दाखवायचे. मणी वाटाण्याएवढे, तोरा मात्र जहागीरदाराचा.

माझ्या लग्नाच्या दुसऱ्या वर्षी वेलांची पानं पिवळी पडून आखडली, मणीही धरेनात. शेतकी खात्याचा एक माणूस गावात आला होता, त्याला बोलावलं. त्यानं मूळ उकरून दाखवलं. टोकं सुजून वाकडी झालेली. म्हणाला, "मातीत केसाहून बारीक किडे असतात, डोळ्यांना दिसत नाहीत. ते मुळं चोखतात आणि एका वेलाचा रोग दुसऱ्याला देतात. हे वेल काढा, पण त्याच खड्ड्यांत नवे लावू नका."

सासरे मोठ्यानं हसले. "दिसत नाई तो किडा कसला? सरकारचा पगार घेऊन थापा मारून राह्यला!"

तो गेला आणि सासऱ्यांना लगेच विटाळ सुचला. मी पाळीच्या दिवसांत मांडवाखालून विहिरीवर गेले असणार, म्हणून वेल वाळले! किडा दिसत नाही म्हणून खोटा, आणि माझी सावली मात्र थेट मुळापर्यंत पोचते. काय ते डोकं! म्हणे मॅट्रिक पास. सासूबाईंनी मान डोलावली. नवरा नखं कुरतडत बसला. मला गिरडला माहेरी धाडलं. नवे वेल फळल्याशिवाय परत आणायचं नाही, असं ठरलं. माझा संसार त्या शहाण्यानं द्राक्षाच्या घडाला टांगला.

नवे वेल लावले, तेही त्याच खड्ड्यांत. मी इकडे आधी रडायची, मग नुसत्या शिव्या द्यायची. आई म्हणायची, "हळू बोल वं, लोक आयकतीन." ऐकू देत की मेल्यांना!

पुढच्या वर्षी नवरा न्यायला आला. चहा पुढे ठेवून मी विचारलं, "फळले वेल?"

"नाई. तेही गेले. तसेच पिवळे पडून."

"मंग मी नसताना कोणाचा विटाळ झाला?"

त्यानं चहा बशीत ओतला. मग म्हणाला, "बाबा म्हणाले, आता आण तिले. परसात वाळायसारखं काई राह्यलं नाई."

मी आईकडे पाहिलं. ती माझी पेटी भरत होती.