वाकसाची धार

मालेगावच्या बाजारात वांग्यांची पाटी उतरवत होतो, तर आमच्या गावाहून, जऊळक्याहून, मागून आलेला भाचा म्हणाला, "मामा, किसनबाबा गेले." सकाळी निघालो तेव्हा त्याच्या अंगणातून रंध्याचा आवाज येत होता... आज महिना होत आला. माहं शिक्षण दुसरीपर्यंत. पण किसन सुतारावर दुसऱ्या कोणी लिहिलेलं मले चालणार नाही, म्हणून मीच लिहितो.

मागच्या मोठ्या लढाईत आमी दोघं मुंबईच्या आरमारी गोदीत कामाले होतो. तो सुतार, मी लाकडं वाहणारा. फाटकावर लावायले गोदीचं निशाण सागवानात कोरायचं काम किसनले मिळालं. साहेबाच्या कागदावर भोवती दोरखंड, खाली लाटा, मधात टेकूवर चढवलेलं जहाज, आणि त्याच्यावर लाकूड तासायचा वाकस, धार आभाळाकडे. मुकादमानं अर्थ सांगितला. दोर म्हणजे एकी, लाटा म्हणजे दर्या, टेकूवरचं जहाज म्हणजे दुरुस्ती, आणि वाकस म्हणजे तुमी कारागीर.

किसननं सगळं हुबेहूब कोरलं. दोराचा पीळ तर असा, की हात लावून पाहावा. फक्त वाकसाची धार खाली वळवली. आमच्याकडचा सुतार हत्यार उघड्या धारेनं ठेवत नाही, खंडेनवमीच्या पूजेतही नाही.

साहेब तापला. मुकादम म्हणाला, "धार वर पाहिजे, दुश्मनावर उगारलेली. संध्याकाळपर्यंत बदल, नाहीतर उद्या येऊ नको."

"लढते ते जहाज," किसन म्हणाला. "वाकस त्याले जोडते. तो कोणावर उगारायचा नसते."

मी त्याले बाजूले ओढलं. "किसन्या, लेका, कोण पाहून राह्यलं ते? दे ना वर करून!"

"मी पाहून राह्यलो ना बे."

संध्याकाळी त्यानं हत्यारं पोत्यात बांधली अन् गाव गाठलं. दुसऱ्यानं नवं निशाण कोरलं, धार वर. वर्षभर मी त्याच्या खालून ये-जा केली. रोज वाटे, वाकस आपल्याच डोक्यावर उगारला हाय. पण हे किसनले कधी सांगितलं नाही. तो भेटला की हसून विचारे, "काय बे, धार कुठं हाय आता?" मी म्हणे, "तुह्या डोक्यात!" मी एवढा वाढलेला माणूस, अन् खरं सांगायले माही जीभ काही वळली नाही.

तेराव्याले त्याच्या लेकानं वाकस माह्या हातात दिला. दांडा हातानं झिजून गुळगुळीत झालेला. मी तो ओसरीवर ठेवला, धार खाली करून. "किसनचंच बरोबर होतं," मी मोठ्यानं म्हणालो.

उशिरा म्हणालो. पण चार माणसांत म्हणालो.