पंगतीबाहेरची कोंडाबाई

कोंडाबाईच्या तोंडाला लगाम नव्हता, हे आधीच सांगितलेलं बरं. ख्रिस्ती बाई म्हणजे मान खाली घालून हळू आवाजात बोलणारी, अशी ज्यांची समजूत असेल त्यांनी बिदरकडच्या कमलनगरच्या पुढं असलेल्या तिच्या वस्तीत एक दिवस काढायला हवा होता. देवाची स्तुती आणि शेजारणीची खरडपट्टी, दोन्ही तिच्या तोंडून एकाच दमात निघत आणि दोन्हींत तिला सारखाच हुरूप असे.

गावाच्या खालच्या अंगाला तीसेक घरं, आजोबा-पणजोबांच्या काळी ख्रिस्ती झालेली. मधोमध पत्र्याचं उपासनामंदिर. कोंडाबाईचा नवरा काशाप्पा लवकर गेला. घरात ती आणि एकुलता मुलगा नागराज. मंदिर झाडायचं, सारवायचं, पाण्याची घागर भरून ठेवायची ही कामं तिनं कधी उचलली ते कुणाला आठवत नव्हतं, कारण ती कामं होतात कशी याची चौकशी कुणी केलीच नव्हती. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असे: येशूच्या शेवटच्या जेवणाची आठवण म्हणून सगळ्यांनी मिळून घासभर भाकर आणि घोटभर रस घ्यायचा. त्याची भाकर तिच्या हातची, गव्हाची, जाड, बिनमिठाची. द्राक्षाचा रस वस्तीनं शास्त्रात वाचला होता तेवढाच. इथं अंबाडीची लाल बोंडं उकळून, गूळ घालून प्याला भरला जाई. तोही तिनंच करायचा.

नव्वदच्या पुढं वस्तीतली तरुण माणसं पुण्याच्या वाटेला लागली. तिकडं इमारतींवर इमारती चढत होत्या आणि माल वाहायला माणसं हवी होती. ती पुरवायचा अमृतप्पा. मुकादम अमृतप्पा, मंदिराच्या पंचकमिटीचा अध्यक्ष अमृतप्पा, प्रार्थनेत सगळ्यांत मोठ्यानं रडणारा अमृतप्पा. माणसं बसमध्ये कोंबताना तो आधी डोळे मिटून प्रार्थना करी, मग माणसं मोजी.

नागराजही गेला. दोन पावसाळे काढले आणि परत आला तो उजवा हात कोपरापासून तिकडंच ठेवून. काँक्रीटच्या मिक्सरच्या पट्ट्यात सापडला म्हणाले. मुकादमानं त्याला दवाखान्यातून काढून बसमध्ये बसवला, वर बिस्किटाचा पुडा दिला. एवढं केल्यावर माणुसकीत काही कमी पडलं असं म्हणायची सोय नव्हती.

पुढच्याच साली अमृतप्पानं जीप घेतली. रविवारी उपासनेत साक्ष द्यायची रीत आहे. देवानं आपलं काय भलं केलं ते उभं राहून सगळ्यांना सांगायचं. अमृतप्पा उभा राहिला, रुमालानं डोळे पुसले, आणि देवानं आपल्या गरीब दासाला जीप कशी दिली ते त्यानं बरंच लांबवून सांगितलं. मंडळी हल्लेलूया म्हणाली. मग बायकांच्या बाजूनं कोंडाबाई उठली.

"माझी पण साक्ष हाय," ती म्हणाली. "अप्पाला देवानं जीप दिली म्हणं. माझ्या नागराजचा एक हात अप्पानं पुण्यात ठिवला, दुसरा देवानं माघारी पाठिवला. त्या दुसऱ्या हाताबद्दल देवाचे आभार."

आणि बसली.

त्या संध्याकाळी पंचकमिटी बसली. मंदिराचा पत्रा गळत होता तेव्हा कधी बसली नव्हती, त्या दिवशी मात्र बसली. सेक्रेटरी बंडेप्पानं ठराव मांडला: कोंडाबाईनं भर उपासनेत उभं राहून अमृतप्पाची माफी मागावी, तोवर तिला प्रभुभोजनाच्या पंगतीला घेऊ नये. ज्यांचं कुणाशी वाकडं आहे त्यांनी त्या भाकरीला हात लावू नये, असा मंडळीचा जुना नियम होता. नियम चांगला होता. फक्त तो अमृतप्पालाही लागू होतो, हे कमिटीतल्या एकाच्याही डोक्यात आलं नाही.

"खोटं काय बोलले मी? सांगा," कोंडाबाई म्हणाली. "खोटं असंल तर पाय धरते. खरं असंल तर माफी कशाची?"

याला उत्तर नव्हतं, म्हणून ठराव एकमतानं पास झाला.

खरी गंमत पुढंच आहे. या शहाण्यांनी तिला पंगतीतून काढलं, पण भाकर करायचं काम तिच्याकडून काढून घ्यायचं कुणाच्या लक्षातच आलं नाही. आलं असतं तर पहाटे उठून कणीक मळायला दुसरी कुणी शोधावी लागली असती. म्हणजे तिचा हात चाले, तोंड चालत नव्हतं. पहिल्या रविवारी ती भाकर भाजून, धुतल्या फडक्यात गुंडाळून मेजावर ठेवी, बोंडांचा रस गाळून प्याला भरी, आणि बाहेर पायरीवर जाऊन बसे. आत सगळे तिच्या हातची भाकर खात. बंडेप्पा तर तुकडा उचलताना डोळे मिटून घेई. ती बाहेर बसून गाणी म्हणे, तीही बेसूर, आणि आतल्यांपेक्षा मोठ्यानं.

आणि ती आनंदात असे. हे सांगायला अवघड वाटतं, कारण आपल्याला अशा बाईचं तोंड रडवेलं हवं असतं. पहिले काही महिने ती खरंच रडली. तो एक घास तिला हवा होता. लहानपणापासून त्या घासानं तिचा महिना सुरू व्हायचा. खोटं बोलून तो मिळवता आला असता, कुणी अडवलं नव्हतं. पण मग एकदा कणीक मळताना तिला वाटलं, हे मेजावर जाणार ते माझ्याच हातून जातंय की. देवाला वाढणारीला देव उपाशी ठेवत नसतो, एवढा तिचा त्याच्यावर भरवसा होता. कमिटीवर नव्हता.

वस्ती रिकामी होत गेली. तरणे पुण्याला, हैदराबादला, म्हातारे खाटांवर. कोंडाबाई घरोघर जाई. कुणाची नखं काप, कुणाच्या डोक्यातल्या उवा काढ, कुणाला आंघोळ घाल, आणि सगळ्यांना शिव्या घाल. "भागम्मा, सून फोनवर रडायलीय म्हणून खूश व्हऊ नकोस. यायची न्हाई ती. तू घास गीळ." म्हातारी भागम्मा हसून गिळे. एकदा बेंगळुरूहून एक टाय घातलेला प्रचारक आला आणि ख्रिस्ती जीवनातला आनंद यावर तीन दिवसांचं शिबिर घेऊन गेला. कीबोर्ड होता, पडद्यावर चित्रं होती. बंडेप्पानं पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्या. कोंडाबाई गेली नाही. त्या तीन दिवसांत भागम्मा मरायला टेकली होती आणि तिला तोंडात पाणी सोडायला कुणी नव्हतं.

दहा-बारा वर्षं अशी गेली. मग अमृतप्पाला पुण्यात लकवा झाला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. मुलांनी त्याला गावच्या घरी आणून टाकला. बायको गौरम्मा आधीच वारली होती. एक लांबची भाची ठेवली, ती पंधरवड्यात पळाली. कमिटी भेटायला आली, अर्धा तास आकाश फाटेल अशी प्रार्थना केली आणि गेली. त्याला कूस बदलून द्यावी असं कुणाला वाटलं नाही. मोठ्या प्रार्थनेत असल्या बारीक गोष्टी राहून जातात.

कोंडाबाई निघाली तेव्हा नागराज आडवा आला. "आई, त्याच्या घरी कामून जायलीस?"

"त्याच्या घरी कोण जायलंय? वास सुटलाय गल्लीभर. तो धुवायला जायले."

पहिल्या दिवशी त्याला त्या घाणीत पडलेला पाहून तिला बरं वाटलं. चांगलंच बरं वाटलं. मग स्वतःची इतकी किळस आली की तिनं त्याला जरा जास्तच घासून आंघोळ घातली.

त्यानंतर रोज. पाठीच्या जखमा धुवायच्या, आंबील भरवायची, आणि तोंडाचा पट्टा सुरू. "अप्पा, तोंड उघडा. साक्ष द्यायला केवढं उघडायचं, आता चमचा जाईना व्हय?" तो लहान लेकरासारखे आवाज काढी. आई जशी लेकराचं बोबडं बोलणं ओळखते तशी ती हळूहळू ते ओळखायला लागली. कुठला आवाज पाण्याचा, कुठला दुखण्याचा. महिने गेले तसा तो पुरती वाक्यं बोलू लागला. पण ती कळायची फक्त तिला एकटीला.

एका सकाळी तो म्हणाला, "तू बोललीस ते खरं व्हतं."

तिनं चमचा वाटीत ठेवला. "इथं भिंतीला सांगून काय उपेग? तितं उभं राहून सांगा."

त्यानं डोळ्यांनी हो म्हटलं.

पुढच्या पहिल्या रविवारी प्लास्टिकच्या खुर्चीत त्याला बसवून एका बाजूनं कोंडाबाईनं आणि दुसऱ्या बाजूनं नागराजनं उचलून मंदिरात आणला. नागराज एका हातानं उचलत होता. साक्षीची वेळ आली. उपासना चालवायला बिदरहून बदलून आलेले नवे पाळक म्हणाले, "अमृतप्पांना बोलायचं आहे."

अमृतप्पा बोलला. लाळ गळत, घाम गाळत, बराच वेळ बोलला. मंडळीला काही एक कळलं नाही. ज्यांनी वर्षानुवर्षं त्याचा चहा प्यायला, त्याच्या जीपमधून बाजार केला, त्यांच्यातल्या एकानंही त्याच्या उशाशी बसून हे नवं बोलणं शिकून घेतलं नव्हतं. कळलं फक्त कोंडाबाईला. तो म्हणाला, हिनं खरं सांगितलं होतं. आणि मग म्हणाला, मिक्सरच्या पट्ट्यावर लोखंडी जाळी असते. काम भरभर व्हावं म्हणून ती मी काढायला लावली. दुसऱ्या दिवशी पोराचा हात गेला.

हे तिला ठाऊक नव्हतं. इतकी वर्षं ती त्याला लोभी म्हणत होती, निष्काळजी म्हणत होती. त्यानं जाणूनबुजून जाळी काढायला लावली हे तिच्या शिव्याशापांतही कधी आलं नव्हतं.

"काय म्हणाले अप्पा?" बंडेप्पानं तिला विचारलं. सगळे तिच्याकडं वळले. एक वाक्य बोलली असती तर ठराव तिथंच मेला असता. कोंडाबाईच्या तोंडून शब्द फुटेना.

तेव्हा बंडेप्पाच उभा राहिला. "अप्पांनी आजारपणातही देवाचे आभार मानले," त्यानं जाहीर केलं. मंडळी आमेन म्हणाली. अमृतप्पा मान हलवून नाही नाही करत होता. ते त्यांना आनंदाचे झटके वाटले.

पाळकांनी भाकर उचलली. ज्यांचं कुणाशी वाकडं नाही त्यांनी पुढं या, म्हणाले. कोंडाबाई उठली आणि स्वतःच्या पायांनी पायरीवर जाऊन बसली. आजवर तिला कमिटीनं बाहेर बसवलं होतं, तिच्या स्वतःच्या मनात वाकडं काही नव्हतं. आज होतं. आज तिनं गाणं म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती त्याच्याकडं गेली, धुतलं, भरवलं, पण अवाक्षर बोलली नाही. त्याच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं. तिनं तेही पुसलं, भांडं पुसावं तसं. असं बरेच दिवस चाललं. शेवटी एका संध्याकाळी ती नागराजजवळ बसली आणि त्या दिवशी अमृतप्पा काय बोलला ते तिनं त्याला सांगितलं.

"मला म्हाईत हाय," नागराज म्हणाला. "जाळी मीच काढलीती. त्यानं सांगितलं, मी पान्ह्यानं काढली."

"मग इतकी वरसं मला का न्हाई सांगितलास?"

"आधी माझीच मला लाज वाटायची. मागनं सांगितलं असतं तर तू त्याला आंबील भरवली असतीस?"

तिनं पदरानं तोंड पुसलं. मग म्हणाली, "आन् तू? तू खुर्ची कामून उचललास?"

"तू उचलायलीस म्हणून."

ती रात्रभर तशीच पडून राहिली. सकाळी अमृतप्पाला भरवताना आंबील त्याच्या हनुवटीवरून गळ्यात उतरली, आणि इतक्या दिवसांनी तिचं तोंड सुटलं. "सांडायलाव कामून? गिळा की! आता कुणाची जाळी काढायची राहिलीय, एवढी घाई कशाची?" अमृतप्पा आधी दचकला. मग वाकड्या तोंडानं हसायला लागला, हसता हसता रडायला लागला, आणि ती त्याला आणखी शिव्या देत राहिली.

पुढच्या पहिल्या रविवारी तिनं आणि नागराजनं अमृतप्पाची खुर्ची पुन्हा मंदिरात आणली. तिनं भाकर मेजावर ठेवली आणि बाहेर न जाता पुढच्या सतरंजीवर बसली. पाळकांनी बोलावल्यावर उठून पुढं गेली, हात पसरला. बंडेप्पा ताडकन उठला. "पाळकसाहेब, ठराव अजून कायम हाय. हिनं माफी मागितली न्हाई."

कोंडाबाईनं मान मागं वळवली. "बंडेप्पा, अप्पानं माफी मागितली, तुमाला कळली न्हाई. नागराजनं दिली, ती मलासुद्दा लवकर कळली न्हाई. मग मी दिली. ह्यात तुमच्या कमिटीचं काय राहिलंय?"

खुर्चीतून अमृतप्पा ओरडला. या वेळी तो शब्द साऱ्या मंडळीला कळला. "खरंय," तो म्हणाला. पाळकांनी भाकरीचा तुकडा तिच्या हातावर ठेवला.