काडीला बांधलेली चिंधी

त्या दिवशी सकाळी वाळूवर अंडी नव्हती. काड्या होत्या.

काड्या सरांनी रोवल्या होत्या. आमच्या शाळेत ते भूगोल शिकवायचे आणि मी ग्रंथालय सांभाळायचे. होळी झाली की पवनीजवळ वैनगंगेचं पात्र आटतं, मध्ये वाळूची बेटं उघडी पडतात आणि नदी सुरय तिथे अंडी घालतात. काळी टोपी, पिवळी चोच, राखाडी पाठ असा हा पक्षी. त्याचं घरटं म्हणजे वाळूतला साधा खळगा. अंडीही वाळूच्याच रंगाची, पायाखाली येईपर्यंत दिसत नाहीत. म्हणून कुणीही पात्रात उतरायच्या आधी सर हात आडवा धरायचे आणि म्हणायचे, "पाय पाहून टाकजा."

हे वाक्य नदीपुरतं राहिलं नव्हतं. शाळेच्या जिन्यावर मुलांना तेच, लग्नाच्या पंगतीत वाढप्यांना तेच. एकदा घराच्या गच्चीवर वहिनींनी, म्हणजे सरांच्या पत्नीने, कुरडया वाळत घातल्या होत्या आणि सर मान वर करून घार बघत बघत सरळ त्यांतून चालत गेले.

"पाखराच्या अंड्याले जपता," वहिनी म्हणाल्या, "अन् माह्या कुरडया तुडवता."

ही गोष्ट सर स्वतःच स्टाफरूममध्ये सांगायचे आणि सगळ्यांत आधी हसायचे.

तुम्ही पक्षी पाहायला जात असाल तर तुमच्याही गटात असा एकजण असेल. पक्षी दिसला नाही तरी त्याच्याबरोबर गेल्याचं वाईट वाटत नाही. ऊन तापलं की सुरय नदीत पोट भिजवून येतो आणि अंड्यांवर बसतो, हे सरांनी आमच्या पक्षी पाहणाऱ्यांच्या गटाला दाखवलं तेव्हा ते इतकं हळू बोलत होते की निम्मं आम्ही ओठांवरून समजून घेतलं.

त्या वर्षी बेटावर फोटो काढणारे फार येऊ लागले. अंडी तुडवली जातील म्हणून सरांनी पळसाच्या काड्या तोडल्या, एक जुना पांढरा सदरा फाडला आणि प्रत्येक घरट्याशेजारी चिंधी बांधलेली एक काडी रोवली. लोकांना लांबूनच कळायचं. आलेले पाहुणे सरांचं कौतुक करायचे. सर म्हणायचे, "सदरा तसाही फाटलाच होता," पण खूश दिसायचे.

आणि मग ती सकाळ. चिंध्या हलत होत्या, खळगे रिकामे होते, आणि ओल्या वाळूत कुत्र्याचे पंजे उमटले होते.

काठावर टरबुजाच्या वाड्या आहेत. त्यांतल्या एका वाडीवरच्या बाईंकडे एक तांबडा कुत्रा होता. सर तडक तिकडे गेले. टरबूज घ्यायला आलेली माणसं उभी होती. सरांचा आवाज चढलेला मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला.

"तुमच्या कुत्र्यानं सारी अंडी खाल्ली. लाज नाही वाटत?"

"तो पानी प्यायले जाते जी गुरुजी," बाई म्हणाल्या. "घरच्या कोंबडीच्या अंड्याले तोंड लावत नाही. तुमच्या पाखराचे कायले खाईन?"

"मग हे पंजे कोणाचे? पुन्हा दिसला तर तक्रार करीन मी."

आम्ही गटातले सगळे मागे उभे होतो. आम्हालाही कुत्र्यानेच अंडी खाल्ली असं वाटत होतं. दुसऱ्या दिवशी बाईंच्या नवऱ्याने कुत्रा आपल्या साळ्याकडे आसगावला नेऊन सोडला.

सुरयांनी बेटाच्या दुसऱ्या टोकाला पुन्हा अंडी घातली. सरांनी पुन्हा काड्या रोवल्या. एका सकाळी आम्ही दोघं काठावरून दुर्बिणीतून बघत होतो. एक कावळा उतरला. पक्षी ओरडत त्याच्यावर झेपावत होते, पण त्याने लक्ष दिलं नाही. तो एका काडीपाशी गेला, अंडं फोडून खाल्लं आणि चालत दुसऱ्या काडीपाशी गेला. मग तिसऱ्या.

सरांनी दुर्बीण खाली घेतली.

"मॅडम, तो शोधून नाही राहिला."

"हो," मी म्हणाले.

त्यांनी बेटावर जाऊन सगळ्या काड्या उपटल्या आणि ती मोळी काखेत घेऊनच वाडीवर गेले. तिथे त्या दिवशीही गिऱ्हाइकं होती. ती जाईपर्यंत सर थांबतील असं मला वाटलं. ते थांबले नाहीत.

"बाई, अंडी कावळ्यानं खाल्ली. मीच त्याले जागा दाखवून देल्या. तुमच्या कुत्र्याचं काही नव्हतं. मी चुकलो."

"तवाच तं सांगत होती जी," बाई म्हणाल्या. "बसा. टरबूज कापते."

"कुत्रा घेऊन या आता. मी येतो संगं."

बाईंनी विळा खाली ठेवला. "तो कोठी हाये आता? आसगाववरून दोर तोडून निंगाला. इकडंच येत असन. आला नाही."

सरांनी टरबुजाची फोड हातात घेतली. त्यांना ती खाता आली नाही.

त्यानंतर सुट्टीच्या दिवशी ते मोटारसायकल घेऊन आसगावच्या रस्त्याने फिरायचे. डिकीत बिस्किटं, गळ्यात दुर्बीण. धानाच्या शेतांकडेला थांबून लांबचं एखादं तांबडं कुत्रं न्याहाळायचे. स्टाफरूममध्ये कुणीतरी म्हणालं, "काहून सर, आता कुत्र्याइचा गट काढला का?" सर हसले नाहीत.

कुत्रा सापडला नाही. पुढची वर्षं सर आमच्याबरोबर नदीवर यायचे, पण काठावरच बसायचे. वाडीवरच्या बाई हाक मारून चहा द्यायच्या, ते उभ्यानेच प्यायचे. बसा म्हटलं तरी बसायचे नाहीत. "पाय पाहून टाकजा" हे मी पुन्हा त्यांच्या तोंडून ऐकलं नाही. चालताना ते नुसते स्वतःच्या पायांकडे बघायचे.

यंदाच्या थंडीत सर गेले. मी वाडीवर जाऊन सांगितलं. बाई बराच वेळ वेलाची पानं उलटीपालटी करत राहिल्या. मग म्हणाल्या, "कुत्रं तं कुत्रं होतं जी. माणूस एवढा कायले मनाले लावून घेते?"



आता उन्हाळा लागला आहे. बेटावर सुरय आले आहेत. आम्ही काठावरूनच बघतो. वाळूत काड्या नाहीत, आणि घरटी कुठे आहेत ते आम्हाला माहीत नाही.