मूळ शेड नापास

पर्वत पाटियाजवळच्या ज्या साडी-डिझाइनच्या स्टुडिओत मी कामाला होतो, तिथे कॉम्प्युटर कळतो तो फक्त मलाच, असा माझा पक्का समज होता. नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं. डिझाइन स्कॅन झालं की त्या चित्राच्या फाइलमध्येच मजकूर ठेवायला छोटे कप्पे असत, त्यांना टॅग म्हणायचे. एका टॅगमध्ये डिझाइनचं नाव, दुसऱ्यात रंगाची सूचना. ‘मूळ शेड नापास, दोन शेड वर घेणे’ म्हणजे रंग दोन पायऱ्या उजळ करा, हे तर माझी बोटं झोपेतही टाइप करतील. मग दोन्ही टॅगांतला मजकूर तिसऱ्यात एकत्र करायचा आणि नमुन्याखाली छापायचा. एकेक फाइल उघडायचा कंटाळा म्हणून मी त्यासाठी स्क्रिप्ट लिहिली होती. ती चालू करून मी खाली चहा प्यायला जायचो, परत येईपर्यंत काम झालेलं असायचं. शेठ खूश होता आणि मी चांगलाच शेफारलो होतो.

उधन्यातल्या आमच्या खानदेशी समाजानं वधू-वर पुस्तिका काढायची ठरवली, तेव्हा फोटोंचं काम अर्थातच माझ्याकडे आलं. शेठनं सुट्टीच्या दिवशी मशीन वापरू दिलं. मुलींचे फोटो यायला लागले आणि प्रत्येक फोटोबरोबर आई-बापांची तीच विनवणी, जरा गोरी दिसू द्या. मी करून देत होतो आणि सवयीनं प्रत्येकीच्या सूचनेच्या टॅगमध्ये साड्यांचीच ती ओळ टाकत होतो. मला त्यात काही गैर वाटलं नाही, उलट कौतुकच वाटत होतं स्वतःचं.

माझ्या वडिलांनी, आबांनी, माझ्या धाकट्या बहिणीचा फोटो पुढे केला. हजिऱ्याच्या कारखान्यात नोकरीला असलेल्या एका मुलाचं स्थळ त्यांच्या मनात होतं आणि त्या घरची माणसं पुस्तिका बघूनच बोलणी करायची की नाही ते ठरवणार होती.

“पोरीना फोटू जरासा गोरा करी दे,” आबा म्हणाले. “बठ्ठाच करतस.” सगळेच करत होते, हे खरंच होतं.

बहीण तेव्हा आत भाकरी थापत होती. तिला हाक मारून विचारणं सहज शक्य होतं. मी विचारलं नाही, फोटो गोरा करून टाकला.

सगळे फोटो झाल्यावर मी साड्यांचीच स्क्रिप्ट त्यांच्यावर चालवली. मुलीचं नाव, शिक्षण, उंची एका टॅगमध्ये होतं ते छापायच्या टॅगमध्ये जायला हवं होतं. सूचनांचा टॅग उचलणारी ओळ काढायची राहून गेली. तेव्हा मराठी मजकूर फाइलमध्ये नुसता अक्षरांचा कचरा दिसायचा, मराठी फॉन्टमध्ये छापल्यावरच वाचता यायचा. त्यामुळे मला पत्ताच नाही. माझं शुद्धलेखन दिव्य, म्हणून तपासायची प्रत मी न वाचताच बहिणीपुढे टाकली.

ती पेन्सिल घेऊन बसली. थोड्या वेळानं पेन्सिल थांबली.

“भाऊ, हाई कोनी लिखं?”

तिच्या फोटोखाली, तिच्या नावानंतर, बी.ए. आणि पाच फूट दोन इंचांनंतर छापलं होतं: मूळ शेड नापास, दोन शेड वर घेणे.

बाकीच्या मुलींच्या फोटोंखालीही तीच ओळ होती, ती तिनं एकेक करून खोडली, स्वतःच्या फोटोखालची सगळ्यात शेवटी खोडली, कागद नीट जुळवून माझ्या हातात दिले आणि पाणी भरायला गेली.

मला स्वतःची लाज वाटत होती. दुसऱ्या दिवशी ओळी तर काढल्याच, शिवाय तिचा मूळ फोटो पुन्हा स्कॅन करून जसाच्या तसा लावला. आबांनाही सांगितलं नाही. आता तिच्याशी नीट वागलो, असं वाटून छातीवरचं ओझं उतरलं.

पुस्तिका छापून आली. आबांनी ती उघडली आणि माझ्यापुढे धरली. पानापानावर पिठासारखे पांढरे चेहरे होते आणि त्यांच्यामध्ये माझी बहीण. घरात ती कधीच इतकी काळी दिसली नव्हती. बाकीच्यांना मीच पांढरं करून ठेवलं होतं, आणि आता त्यांच्या ओळीत तिला एकटीलाच तिच्या रंगात उभं केलं होतं. हजिऱ्याच्या लोकांकडे एक प्रत केव्हाच पोचली होती. हे साधं गणित मला आधी का सुचलं नाही, याचा आजही संताप येतो.

बहिणीनं पुस्तिका हातात घेतली, पानं उलटून बघितली.

“मी तुनासाठेच करं,” मी म्हणालो. “तुले वाईट वाटनं व्हतं ना.”

“गोरी करी तवय माले इचारं नही,” ती म्हणाली, “आनि काळी करी तवयबी इचारं नही.”